मीटर पन्नास, गाडी साठ

मे महिना तापू लागला की ती केस मनात पुन्हा उभी राहते आणि मला घरात बसवत नाही. नागपूरचं ऊन काय असतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्या उन्हात एक माणूस कुठेतरी कोंडलेला होता आणि कुठे, ते आम्हाला माहीत नव्हतं.

तो स्वतःच्या ट्रकचा मालक आणि स्वतःच ड्रायव्हर. इतवारीतून तूरडाळ भरून रायपूरला निघाला, भंडारा रोडवरच्या एका ढाब्यावर जेवला, बायकोशी फोनवर बोलला, आणि त्यानंतर फोन बंद. ट्रकचं जीपीएस यंत्र रस्त्याकडेच्या नाल्यात सापडलं. बायको ठाण्यात आली. ठाणे अंमलदाराने खुर्ची दिली, पण ती बसेना.

"साहेब, आमचे हे असा फोन बंद नाई ठेवत. भांडण झालं तरी नाई ठेवत. मले काई सुचून नाई राहिलं."

मिसिंगची नोंद झाली, टोलनाक्यांना कळवलं, ढाबेवाल्याचा जबाब घेतला. हाती काही लागलं नाही. मग वाडीकडच्या एका खबऱ्याचा फोन आला. हा ट्रकांना रंग मारणारा माणूस.

"साहेब, बाजूच्या आवारात चांगल्या रंगावर रंग मारून राहिले. लय घाईत हायेत."

चांगल्या रंगावर पैसे घालवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. आम्ही लगेच पोचलो. ट्रक रिकामा, रंग ओला, नंबरप्लेट परराज्याची. जवळ उभा असलेला इस्त्रीच्या शर्टातला माणूस म्हणाला, गाडी माझी. कागद दाखवले. सगळे चोख. चेसिस नंबरही कागदाशी जुळत होता. तो नव्याने ठोकला असावा अशी शंका होती, पण प्रयोगशाळेचा अहवाल यायला दिवस लागतात आणि दिवस आमच्याकडे नव्हते. त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं.

"गाडी माझी, कागद माझे. काहून पकडलं मले?" तो हसून म्हणाला आणि स्वतःच चहा मागितला. ठाण्यात स्वतःहून चहा मागणारा एक तर निर्दोष असतो, नाही तर मुरलेला. माझ्या हवालदाराचे हात शिवशिवत होते. मी त्याला आवरलं. मी काही संत नव्हे. पण मार खाल्लेला माणूस सुटकेसाठी तोंडाला येईल ती जागा सांगतो, आणि चुकीच्या जागी गेलेला अर्धा दिवस आम्हाला परवडणारा नव्हता. तो रात्रभर एकच पालुपद लावून बसला होता. माझाही डोळा लागला नाही.

सकाळी त्या बाईला ट्रक दाखवायला आणलं. तिने गाडीला फेरी मारली. रंग वेगळा, केबिन आतून सोलून काढलेली, ओळखीचं काहीच उरलेलं नाही.

"हाच म्हणू का साहेब? तुम्ही म्हणता त म्हणते."

"नाही ताई. तसं नको. रंग बदलता येतो. आतलं काही आठवतं का? यात काही बदलवलं होतं?"

"आतलं मले काय समजते! हो, मांगच्या दिवाळीत यायनं मांगचा क्राउन बदलवला. मी फ्रिज म्हणत होती, अन् यायनं गाडीले दात आणले! पंप बी सेट केला. म्हणे, आता इंजिन शांत चालते. अन् मीटर कमी दाखवते. मी फोनवर स्पीड इचारला का पन्नास म्हणायचे. साठवर असायचे मेले!"

तो शब्द तोंडातून गेला आणि तिने पदर तोंडावर दाबला.

मी पोलिसात ड्रायव्हर शिपाई म्हणून भरती झालो होतो. फौजदार पुढे परीक्षा देऊन झालो. त्यामुळे ती काय सांगत होती ते मला लगेच कळलं. ट्रकच्या मागच्या ॲक्सलमध्ये दातेरी चक्रांची एक जोडी असते, तिलाच क्राउन म्हणतात. इंजिनाचे किती फेरे झाले की चाकाचा एक फेरा, हे ती ठरवते. जोडी वेगवान बसवली की हायवेवर त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं, डिझेल वाचतं. ओढायची ताकद मात्र घटते, म्हणून पंपातून डिझेल थोडं वाढवून घेतात. आणि वेगाचा काटा गिअरबॉक्सकडचे फेरे मोजतो, म्हणजे या जोडीच्या आधीचे. मागे काय बदललं याचा त्याला पत्ताच नसतो.

मी आत जाऊन त्या माणसासमोर बसलो. दोन चहा मागवले आणि गाड्यांच्या गप्पा काढल्या.

"कधीपासून चालवतोस बाबू ही गाडी?"

"दोन वर्षं झाले. माझ्याशिवाय हात नाई लागला कोणाचा."

"मागचा क्राउन?"

"कंपनीचा."

"मीटर बरोबर आहे?"

"एकदम. टॉप गिअरले साठवर एकवीसशे फेरे. पाह्यजे त पाहून घ्या."

कंपनीच्या गाडीचं उत्तर अगदी अचूक होतं. माणूस ट्रकमधला जाणकार होता.

मग तोच ट्रक आउटर रिंग रोडला काढला. दोन पंच मागच्या बर्थवर, तो माझ्या शेजारी, स्टिअरिंगवर मी. पुढे हवालदार जीप नेमकी साठवर धरून चालला होता. मी अंतर न बदलता तिच्या मागे राहिलो. ट्रक तो नसला तर माझ्याकडे दुसरं काहीही नव्हतं.

टॉप गिअर पडला. वेगाचा काटा एक्कावन्नवर थांबला. इंजिनाचा अठराशेवर.

"जीप साठवर आहे. आपण एक्कावन्नवर कसे?"

"मीटर बिघडलं असंल साहेब."

"बरं, बिघडलं. मग इंजिन एकवीसशेवर पाहिजे ना? हे अठराशे काहून?"

तो काट्याकडे बघत राहिला. मी गाडी कडेला घेतली. "मागचं उघडून दात मोजायला संध्याकाळ होईल. तेवढा वेळ या गाडीच्या मालकाकडे आहे का, हे तूच सांग."

तो खालच्या आवाजात म्हणाला, "कालपासून त्याले पाणी नसंल."

"का?"

"पाणी माझा माणूस देत होता. मले उचलल्याचं समजलं असंल त थो पळला असंल."

त्याने सांगितलेल्या जागी, उमरेड रोडच्या आत, एक बंद पोल्ट्री शेड होतं, चारी बाजूंनी पत्रा. पत्र्यावर हात मारला तर चटका बसला. हाक मारली. आतून आवाज नाही. कुलूप फोडलं. ट्रकवाला कोपऱ्यात बांधलेला पडला होता. ओठ फाटलेले, डोळे अर्धे उघडे. हवालदाराने ओला रुमाल ओठांना लावला, तेव्हा त्याने तो दातांनी धरला. जिवंत होता.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत टिकला नसता. बायको त्याचे पाय धरून बसली होती. आमच्याकडे तिने पाहिलंही नाही, आणि तेच मला बरोबर वाटलं.

पुढे टोळी पकडली गेली. क्राउनच्या युक्तीबद्दल माझं कौतुक झालं. पण मला झोपू दिलं नाही ते दुसऱ्याच गोष्टीने. आम्ही एका माणसाला उचललं आणि त्याच क्षणी दुसऱ्याचं पाणी बंद झालं. कारवाई नियमाप्रमाणे होती आणि तशीच करायला हवी होती, तरीही ते झालं. ठाण्याच्या दारातून आत आलेल्या माणसामागे बाहेर कोण अडकून राहिलंय, हे कुठल्याही पंचनाम्यात येत नाही.

तेव्हापासून निवृत्तीपर्यंत, कुणालाही ठाण्यात आणलं की नाव-गाव विचारण्याआधी मी एकच विचारत असे: तुझ्यावाचून आत्ता कोण अडकलंय? पुष्कळ जण हसत. शिपाईही मागून हसत असतील. एकदा हातभट्टीच्या छाप्यात धरून आणलेला एक जण मात्र हसला नाही. मान खाली घालून म्हणाला, "घराले भायेरून कुलूप हाये साहेब. आत दोन लेकरं हायेत."

त्याच्या घराकडे निघालेली जीप फाटकाबाहेर पडली तेव्हा ठाण्याच्या डायरीत त्याचं नावसुद्धा लिहिलेलं नव्हतं.