चुन्यावरचं रक्त

आधी तो चहा संपवा, मग सांगतो. नाहीतर ठसका लागायचा! असला गाढवपणा मी आयुष्यात एकदाच केला, पण तेवढा जन्माला पुरला.

सत्तर-एकाहत्तरचा हंगाम. आपल्या नगर जिल्ह्यातल्याच एका साखर कारखान्यात मी लॅबमध्ये होतो. काम काय? उसाच्या रसात चुना घालतात ना, तो रस बशीत घ्यायचा आणि वर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकायचा. गुलाबी झाला की चुना जास्त. दर तासाला हेच. झोपेतसुद्धा जमलं असतं मला.

हंगामाची पहिली उसाची मोळी टाकायचा समारंभ झाला, गाळप सुरू झालं आणि पाळ्यांच्या नादात माझं पोट काही साफ होईना. तीन दिवस! शेवटी बाजारातनं जुलाबाच्या गोळ्या आणल्या. एकीनं काय होतंय म्हणून दोन घेतल्या.

सकाळी कामावर गेलो. समारंभासाठी कारखान्याची मुतारी नुकतीच चुन्यानं रंगवलेली, पांढरीफेक. उभा राहिलो आणि खाली नजर गेली हो. चुन्यावर लाल ओघळ!

आता लाल का गुलाबी, हे अशा वेळी कोण बघत बसतंय? रक्तच ते! आमच्या चुलत्यांना असंच झालेलं, महिन्याभरात आटोपले. तासाभरानं भीतभीत पुन्हा गेलो. पुन्हा तेच. लॅबमध्ये परतलो, तर त्या नादात रसाची बशी खाली पडून फुटली. साहेबांना बरं वाटत नाही म्हणून सांगितलं आणि घर गाठलं.

बायकोनं ऐकलं, भाकरी तव्यावरच टाकून उठली. गोळ्यांचं पाकीट पदरात बांधलं आणि म्हणाली, चला डॉक्टरकडं. तिला सायकलवर मागं बसवून कोल्हारला निघालो. वाटेत ओळखीच्या माणसांनी रामराम घातला, तोसुद्धा मला शेवटचा वाटला.

दवाखान्यात बाकावर बसलो. लग्नाला दीड वर्ष झालेलं. हिचं कसं व्हायचं? मरताना खोटं बरोबर नेऊ नये म्हणतात, म्हणून तिचा हात धरला आणि सांगून टाकलं.

"तुझ्या वडलांना आम्ही फसवलं. मी एका दमात बीएस्सी झालो नाही. रसायनात नापास झाल्तो."

तिनं डोळ्याला पदर लावला. "आसू द्या. आता कशाला ते."

डॉक्टरांनी पोट दाबलं, जीभ बघितली. घरच्या मोरीत दिसलं का, म्हणून विचारलं. घरी? छे, घरी तर काहीच दिसलं नव्हतं! मग बायकोनं पाकीट पुढं केलं. ते मी कधी वाचलंच नव्हतं. त्यांनी वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"यात फिनॉल्फ्थॅलिन असतं. चुन्याला लागलं की गुलाबी होतं. रक्तबिक्त काही नाही. कारखान्यात काय काम करता तुम्ही?"

वॉचमन आहे म्हणावं की काय? तेवढ्यात बायकोनंच सांगून टाकलं, लॅबात हायेत म्हणून. डॉक्टर तोंडावर रुमाल धरून आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

जीव वाचला होता, पण मान वर होईना. गुपचूप सायकल काढली. मागं बसता बसता ही शांतपणे म्हणाली,

"रसायनात नापास झाल्याचं तुमी सांगितलं नसतं, तरी आज कळालंच असतं मला."