बाबांची भाकर भिंतीवर

मंडळी, आज कळमनुरीत आमच्या घरातलं गुपित फुटलं!

एका फोटोग्राफर मित्राने आपल्या भागातल्या रोजच्या जगण्याचे रंगीत फोटो तिथल्या एका हॉलमध्ये लावलेत. हळद काढणीच्या दिवसांत तो आमच्या गावी, डोंगरकड्याला, आमच्या घरी राहिला होता. आपल्या हळदीचा फोटो असणारच, म्हणून बाबा शेजारच्या दत्ताकाका-काकूंनाही सोबत घेऊन आले.

हळद होती. अंगणात ती निवडत बसलेली आई होती, हात पिवळेधमक. आणि मागे, उघड्या दारातून, चुलीपुढे बसून भाकर थापणारे बाबा!

त्या दिवसांत आईला उसंत नसते, म्हणून संध्याकाळच्या भाकरी बाबाच करतात. पण दार लोटून. त्या दिवशी तेवढं ते उघडं राहिलं. गावाला पत्ता नव्हता.

दत्ताकाका हसले. "भाऊ, हे तुमीच व्हय?"

बाबा शेजारचा बैलांचा फोटो बघायला लागले.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "तव्यावरली करपून राहिली की!"

बाबा गर्रकन वळले. "करपली काहून? सावली हाय ती! काठ बघा, कसे बराबर आलेत. आमी करपू देत न्हाई!"

सगळा हॉल हसला, बाबाही हसले. काकूंनी मात्र दत्ताकाकांकडे असं पाहिलं, की त्यांचं हसू तिथंच थांबलं.

घरी आल्यावर बाबांनी दार सताड उघडं ठेवून चूल पेटवली.

तुमच्या घरी दार लोटून कोण काय करतं? सांगा ना. फक्त त्या भाकरीला करपली म्हणू नका. बाबा कमेंट वाचतात.