आधी जून, मग मी

छप्पन सालची दिवाळी आटोपून सौंसरची आमची शाळा उघडली, त्या दिवशीची ही गोष्ट. सुट्टी लागली तेव्हा आम्ही आणि नागपूर एकाच राज्यात होतो... शाळा उघडली तेव्हा, राज्यांची नवी मांडणी होऊन, दोन वेगळ्या राज्यांत! घर तेच, रस्ता तोच, बस तीच. पण मोठ्या माणसांच्या तोंडी दिवसभर दुसरा विषय नव्हता.

मी आठवीत. आमच्याकडे मुलींची शाळा तिथेच संपायची. पुढे शिकायचं तर पांढुर्ण्याला, मावशीकडे राहून. ताई दोन वर्षांपूर्वी आठवी पास झाली आणि घरी बसली. आता माझी पाळी होती.

मावशी दिवाळीला आमच्याकडेच आली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने परत जाणार होती. तिने मला बाजूला घेतलं. "माझी ना नाही पोरी. पन मी बोलली तर भाऊजी म्हनतीन, मेहुणीनं कान भरले. तूच विचार. आजच विचार."

अडचण एकच होती... बाबा. त्यांचं कापडाचं दुकान. गिऱ्हाईक बाई "ते जरा..." म्हणते न म्हणते तोच तिच्यापुढे लुगडं उलगडलेलं असायचं. समोरच्याचं वाक्य आपणच पुरं करायची ही सवय घरीही चालू. मी "बाबा, मला..." म्हटलं, की तिकडून "नाही" आलंच म्हणून समजा. एकदा तर मला नुसता पेन्सिलीचा तुकडा हवा होता!

त्या दिवशी शेवटचा तास इंग्रजीचा होता. आमचे सर नागपूरकडचे. नव्या मांडणीत त्यांची नोकरी तिकडच्या राज्यात गेली होती आणि आठवडाभरात ते निघणार होते. त्यांनी आम्हाला 'माझा दिवस' लिहायला सांगितला. सगळ्या वह्यांत एकच... आय गेट अप. आय टेक टी. आय गो टु स्कूल.

"काय आय-आय लावून राहिल्या तुम्ही!" सर म्हणाले. "कोनाच्या घरी गेल्या तर धाडकन सैपाकघरात शिरता का? पहिले ओसरीवर थांबता न? तसंच वाक्यातबी थांबा. पहिले सांगा केव्हा, नाही तर कुठं. मंग तुम्ही या."

मग फळ्यावर लिहिलं... इन द मॉर्निंग. आफ्टर स्कूल. निअर द टेंपल. प्रत्येकापुढे ठसठशीत स्वल्पविराम. आणि स्वतः मोठ्याने "आफ्टर दिवाली..." म्हणून एकदम गप्प झाले.

आम्ही सगळ्या त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. "पाहा, कोनी उठून जाऊन राहिलं का?" ते हसले. ते वाक्य मात्र त्यांनी पुरं केलंच नाही. पुढचं आम्हाला ठाऊक होतं आणि वर्गात कुणालाच ते ऐकायचं नव्हतं.

घरी येताना माझ्या डोक्यात एकच विचार... हे इंग्रजीत चालतं, तर बाबांवर का चालू नये?

संध्याकाळी बाबा दुकानातून चहाला आले. आई चुलीपाशी, ताई भाजी निवडत होती, मावशी तिची पिशवी भरत होती.

"येत्या जूनपासून..." मी म्हटलं. थांबले. श्वास घेतला.

आणि पुढचं सगळं विसरले! अगदी खरं सांगते, एक अक्षर आठवेना. बाबांनी बशी खाली ठेवली. नाही म्हणावं असं त्यांच्या हाती मी अजून काही दिलंच नव्हतं. ते माझ्याकडे बघत राहिले. इतका वेळ त्यांनी माझ्याकडे त्याआधी कधी बघितल्याचं मला आठवत नाही.

शेवटी त्यांना राहवेना. "जूनपासून काय? पांढुर्ण्याले जाशीन, मावशीपाशी राहाशीन, पुढं शिकशीन... हेच न?"

मी मान हलवली. मागणं माझं, पण ते बोलून बसले होते बाबा. स्वतःच्याच तोंडून ऐकल्यावर ते त्यांना तितकंसं भयंकर वाटलं नसावं.

त्यांनी उरलेला चहा संपवला, टोपी घातली आणि दारातून आईला म्हणाले, "तिकडं थंडी लय पडते. हिच्यासाठी रजई भरून ठेवा."

जूनमध्ये रजई! शिवाय पांढुर्ण्याला सौंसरपेक्षा जास्त थंडी पडते, हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. मावशी तोंडाला पदर लावून हसत सुटली... आणि मी रडत.

रजई ताईने भरली. घरच्याच शेतातला कापूस होता, तो पिंजून आणला आणि दोन दिवस ती टाके घालत बसली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि विचारायचं कसं हेही कुणी शिकवलं नव्हतं. त्या टाक्यांकडे बघताना मला आनंदाची लाज वाटायची.

सर ठरल्याप्रमाणे गेले. पुढे मी मॅट्रिक झाले, पांढुर्ण्यातच इंग्रजीची शिक्षिका झाले... आज ब्याऐंशीव्या वर्षी नातीच्या मोबाईलवर हे टाइप करते आहे. सरांचा पत्ता विचारायचा राहिला, आभार मानायचे राहिले. म्हणून आज इथे, सगळ्यांदेखत मानते.

मी शिक्षिका झाल्यावर काही वर्षांनी ताई आपल्या दोन्ही मुलींना घेऊन माझ्या दारात आली. त्यांना शिकायला माझ्याकडे ठेवायचं होतं. ती काय मागणार, हे मला तिचा चेहरा बघूनच कळलं होतं आणि माझं उत्तरही तयार होतं. तरी मी मध्ये बोलले नाही... ताईला इतकं बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते.