वानगीची डाळ आणि शेअरची खरी किंमत

इकडे असतीस तर जवळ बसवून सांगितलं असतं गं, पण तू तिकडे, म्हणून हे लिहून पाठवतेय. पुण्याहून फोन करतेस तेव्हा कानाशी असतेस, पण समोर नसतेस, म्हणून कान धरता येत नाही. आईला एवढी मोठी गोष्ट व्हॉट्सॲपवर कळवतात का? "आई, या डाळवाल्या कंपनीचा शेअर बाजारात शंभरला आहे, खरी किंमत दोनशे निघते." झालं! माझी धाकटी बहीण, म्हणजे तुझी आई, तिकडे धुळ्यात एफडी मोडायला निघाली. तुझे बाबा गेल्यावर मिळालेले पैसे ते. त्यांच्या व्याजावर तिचं घर चालतं, हे तुला मी सांगायला हवं?

मला शेअरचं वावडं नाही. जळगावात घरी बसून, डिक्शनरी मांडीवर घेऊन मी कंपन्यांचे अहवाल वाचायला शिकले. त्यातून एक खोड लागली. नफा किती छापलाय ते नंतर बघायचं, आधी रोकड आली का ते बघायचं. या कंपनीचा नफा वाढत गेलेला आणि हातात येणारी रोकड मात्र घटत गेलेली. मग पैसा गेला कुठे? तर गोदामात. शिल्लक माल फुगत चाललेला. तो खरेदीच्या भावाने मांडतात. भाव पडला तर कमी दाखवतात म्हणे, पण पडला हे ठरवणारेही तेच! आत नवी तूर आहे की दोन पावसाळे खाल्लेली, कोण बघायला गेलंय?

आपल्याकडे वर्षाची डाळ भरताना आधी मूठभर वानगी आणून शिजवून बघतात. जुनी डाळ लवकर शिजत नाही. म्हणून मी किराणा दुकानातून त्या कंपनीचं पाकीट घेतलं, एसटीत बसले आणि थेट धुळं गाठलं.

तुझी आई दारातच हसली. "अक्का, शेअर लेवासाठे कोनी डाळ शिजाडस का?"

"साडी घेताना पदर उलटून बघतेस ना? मग!"

कुकर नको म्हटलं, पातेल्यातच टाकली. मागच्या दारच्या पिंपातलं पाणी मीच घेतलं. डाळ उकळतेय, उकळतेय, दाणा आपला तसाच टणक. मी तर हरखलेच. "बघ, जुना माल!" लगेच तुला फोन करून कंपनीला लबाड ठरवून मोकळी झाले. "मावशी, डाळीवरून कुणी शेअरची किंमत काढतं का?" म्हणालीस आणि चिडून फोन ठेवलास.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या आईने पाकिटात उरलेली डाळ शिजायला ठेवली. लोण्यासारखी मऊ झाली. पातेलं माझ्यापुढे आदळून म्हणाली, "पिंपमा बोअरनं खारं पाणी शे, अक्का. त्यामा डाळ कधीच शिजत नही. तुले बठ्ठं, सगळंच खोटं दिसस!"

मी दोन वाट्या वरण खाल्लं. चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? कंपनीला लबाड म्हटलं तेही मागे घेते. पण संशय म्हणशील तर तो काही गेला नाही. दुकानातलं पाकीट चांगलं निघालं म्हणून गोदामातली पोतीही चांगली, असं थोडंच आहे?

दुपारी तू आईला व्हॉट्सॲपवर पाठवलेला किमतीचा तक्ता उघडला. पुढे कंपनीच्या हाती किती रोकड उरेल याचा अंदाज, आणि उद्याचा रुपया आजच्याहून हलका म्हणून त्याला कात्री, एवढंच त्यात असतं. तू सुरुवातच केलीस ती रोकड सोडून छापलेल्या नफ्यापासून. वर वाढ धरलीस दरवर्षी बारा टक्के. कशावरून? गेल्या वर्षी तेवढी झाली म्हणून. अगं, गेल्या वर्षी तुरीचे भाव चढले. स्वस्तात भरलेला माल महाग गेला. आता गोदामात आहे तो बहुतेक चढ्या भावाचा. मी नुसतं जुनी-नवी बघत बसले, कितीला घेतली ते बघायलाच विसरले! भाव उतरले की त्या पोत्यांचं काय? मी बाराच्या जागी सहा घातले. दोनशेचे ऐंशी झाले. बाजारभावाच्याही खाली!

तुझी आई स्क्रीनवर वाकली. "मंग खरी किंमत कोनती? दोनशे का ऐंशी?"

"मला माहीत नाही," म्हटलं. "एक आकडा बदलला की जी किंमत एवढी कोसळते, तिच्या भरवशावर घरखर्चाचा पैसा लावू नये, एवढं मात्र माहीत आहे."

ती काही लगेच पटणाऱ्यातली नाही. पोर शिकलेली आहे, तिने काहीतरी बघितलंच असेल, असं तिच्या मनात आहेच. पण बँकेत जायची पर्स तिने परत खुंटीला लावली. "पोर येऊ दे," म्हणाली. "तिना तोंडतून ऐकसु, मंग ठरावसु."

तर अशी ती एफडी तुझ्यासाठी थांबली आहे. किती दिवस थांबेल, तुझ्या आईचा नेम नाही. बारा टक्के कुठून आणलेस ते आमच्या दोघींसमोर बसून सांग. माझंच पाणी पुन्हा खारं निघालं, तर मी ऐकून घेईन. या शनिवारीच ये, लॅपटॉप घेऊन ये. मीही सकाळच्या एसटीने धुळ्याला येते. डाळ नळाच्या पाण्यात शिजवू. ये गं, लवकर ये.