पिशवीभर उपाय आणि एक कंबर

बाळंत होणाऱ्या बाईच्या सोबतीला बसायचं प्रशिक्षण मी घेतलं, तेव्हा अगदी तरणी होते. चौपन्न वर्षांची. श्वास कसा घ्यायला लावायचा, कंबर कुठं दाबायची, शेक कधी द्यायचा, सुगंधी तेल कशाला, असं सगळं सहा दिवसांत शिकवलं. शिकवणाऱ्या बाई रोज बजावायच्या, "आधी बाईला विचारा, मग नर्सला, मगच हात लावा." मी ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि वही घरी ठेवून पहिल्या बाळंतपणाला गेले.

माझ्या भाच्याची बायको, पहिलटकरीण. दवाखाना उमरग्याचा. माझ्या पिशवीत रबरी शेकपिशवी, तिळाचं तेल, लव्हेंडरच्या तेलाची बाटली, कळ आली की मुठीत दाबायला लाकडी फणी, आणि थर्मासात सुंठ-ओव्याचा काढा. शिवाय निघताना भावजयीला घरातल्या सगळ्या पेट्यांची कुलपं उघडायला लावली होती, म्हणजे बाळाची वाट अडायला नको. एवढी तयारी करून कुणी लढाईला जात नसेल.

आत गेले आणि सगळं एकदम सुरू केलं. उशाला लव्हेंडरचा रुमाल, हातात फणी, पाठीला तेल, वर शेक.

"बरं वाटतंय का गं?"

"व्हय, आत्या."

तिचा चेहरा पिवळा पडत चालला, दोनदा उमासे आले. मी खूश! म्हटलं, गुण येतोय. काढा ओतायला घेतला तेवढ्यात नर्सनं हात धरला.

"मावशी, ह्यात काय हाय?"

"घरचंच हाय. त्यानं काय हुतंय?"

"तिला कळा वाढवायचं सलाईन लावलंय. पोटात काय जातंय ते डॉक्टरला नको का कळायला? आन तिला तरी इचारलं का?"

"इचारलं की. व्हय म्हणती."

"सासरचं माणूस म्होरं उभं असल्यावर न्हाय कोण म्हणंल?"

तिनं मला पडद्याबाहेर काढलं. भाचसुनेनं मला सोबतीला ठेवायचं की घरी धाडायचं, याचा निवाडा आत चालला होता. मी कान लावून उभी. पोरगी रडवेली होऊन सांगत होती, "त्या वासानं लई मळमळतंय. फणी टोचतीया. पण आत्या एवढ्या लांबनं आल्यात..."

"मग जाऊ द्यायचं का त्यास्नी?"

पोरगी एका कळेभर कण्हली. मग म्हणाली, "कंबर दाबत्यात ते तेवढं बरं वाटतंय. पण मधीच सोडून शेकपिशवी हुडकत्यात."

मी आत जाऊन रुमाल उचलला, पिशवी बाहेर ठेवली आणि तिच्याजवळ गेले. तेल वाईट नव्हतं, शेकही नव्हता. पण तिच्या अंगाला काय मानवतंय ते मी तिच्या अंगाला सोडून वहीला विचारत होते, आणि वही तर घरी.

म्हटलं, "नको आसंल तर नको म्हण. माझ्यावर खेकसलीस तरी चालंल."

पुढची कळ आली. "खाली... आजून खाली. जोरात! आत्या, बोलू नका!"

घरात मला असं सांगायची कुणाची छाती नव्हती. मी तोंड मिटून दाबत राहिले. हाताला मुंग्या आल्या. कळेगणिक तिचा आवाज चढत गेला आणि दुपारी तीनच्या सुमाराला मुलगी झाली. दोघी ठणठणीत.

बाहेर भावजय घाबरीघुबरी. "वन्सं, आमची सून कुणावर वरडत हुती एवढी?"

"माझ्यावर," मी म्हटलं. "लई गुणाची हाय."