जपूनबाईंचं रफू

संग्रहालयाच्या तळघरात काम करणाऱ्या त्या बाईंना सगळे जपूनबाई म्हणत. कोणी दार जोरात लावलं, शिंकलं, नुसता टेबलाला धक्का लागला तरी त्या ओरडायच्या, "जपून!" काम जुन्या कापडांचं. उत्खननात सापडलेली, दोन-अडीच हजार वर्षं मातीत राहिलेली कापडं मऊ ब्रशनं झाडायची, दमट हवेच्या पेटीत ठेवून घड्या सोडवायच्या आणि सपाट खणात निजवायची. घरी मात्र नवऱ्याच्या सदऱ्याचं बटण लावायला त्यांना सवड नसे. "मी पण आधी पुरून घेऊ का?" असं नवरा विचारायचा.

एकतीस वर्षांत एक मेमो नाही की ठपका नाही. निवृत्तीला महिना उरला होता. कोरं सेवापुस्तक घेऊन मानानं घरी जायचं, एवढीच बाईंची हौस होती.

आता खरं सांगायचं तर ते पुस्तक कोरं राहिलं होतं, कारण बाई पहिल्याच वर्षी चक्क थाप मारून मोकळ्या झाल्या होत्या! थडग्यातून आलेली एक लोकरीची शाल पेटीतून उचलताना त्यांच्याच अंगठ्याखाली फाटली. बोट जाईल एवढं भोक. साहेब रजेवर, नोकरी नवी, बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. या कामाचा नियम असा की दुरुस्ती लपवायची नाही. धागा वेगळ्या छटेचा घ्यायचा आणि वस्तूच्या नोंदीच्या कार्डावर तसं लिहायचं. बाईंनी काय केलं? शालीच्याच उसवलेल्या कडेचे चार धागे ओढले, जरा ओलसर केले आणि असं रफू केलं की दुसऱ्या दिवशी त्यांनाच जागा सापडेना. कार्डावर लिहिलं, 'धूळ काढली.' त्यानंतर तीस वर्षं कोणी ब्र काढला नाही.

मग एक संशोधक आला, स्वतःचा सूक्ष्मदर्शक घेऊन. तिसऱ्या दिवशी तो खुर्चीतून उडालाच. "ताई, इथे रफू आहे! त्या काळचं! आणि करणारा डावखुरा होता, धाग्याची दिशा बघा!" बाईंनी आपला डावा हात हळूच एप्रनच्या खिशात घातला.

पण गुदगुल्याही झाल्या हो. एवढ्या वर्षांत त्यांच्या कामाला कोणी 'बरं आहे' म्हटलं नव्हतं, आणि हा माणूस रोज येऊन म्हणायचा, "काय हात आहे!" बाई लाजायच्या. तो पार त्या मेलेल्या कारागिराच्या प्रेमात पडला. त्याच्यावर आपल्या नव्या पुस्तकात एक प्रकरण लिहून झालं, शालीसाठी काचेची नवी पेटी आली, माहितीफलक छापायला गेला. तेव्हा कुठे बाईंचं धाबं दणाणलं.

"गप्प बस," नवरा म्हणाला. "महिनाभराचा प्रश्न. कोणा मेलेल्याला शाबासकी मिळतेय, तुझं काय जातंय?"

"माझं रफू जातंय!" बाई कडाडल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि उद्या पोरं हेच खरं म्हणून शिकतील."

सेवापुस्तक गेलं खड्ड्यात, असं ठरवून त्या संचालकांच्या खोलीत गेल्या आणि संशोधकासमोर सगळं सांगून टाकलं. संशोधक हसला. "ताई, रफूचा धागा तपासून घेतलाय. चोवीसशे वर्षांचा आहे."

"असणारच! त्याच शालीचा आहे तो!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "निवृत्ती जवळ आली की माणूस हळवा होतो," संचालक समजुतीनं म्हणाले.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एक लोकरीचा तुकडा द्या. इथेच करून दाखवते."

तुकडा आला. बाई बसल्या. सुई ओवायलाच पाच मिनिटं लागली. बोटं पूर्वीसारखी वळत नव्हती, चष्मा नाकावरून घसरत होता. तासाभरानं संशोधकानं तुकडा भिंगाखाली धरला, बराच वेळ पाहिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताई, राग मानू नका. हा हात तो नाही."

बाईंनी स्वतः डोळा लावला. टाके ओढलेले, कापड चुरगळलेलं. लबाडी नव्हती त्याची, बिचारा खरंच बोलत होता. तसं रफू करणारी ती तीस वर्षांपूर्वीची पोरगी आता त्यांनाही कुठून आणता येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शालीचं कार्ड काढलं आणि दुरुस्तीच्या रकान्यात सगळं लिहिलं. कधी फाटली, कोणाच्या हातून, धागा कुठला. खाली सही केली. हरकत घ्यायला कोणी तळघरात आलं नाही, तेव्हा मिटलं असं त्यांना वाटलं.

आठवड्यानं शिपाई लिफाफा घेऊन आला. आत मेमो होता. कोणताही पुरावा नसताना कार्डावर खोटी नोंद केल्याबद्दल.

बाईंनी तो दोनदा वाचला आणि मिळाल्याची सही केली.