सगळ्यांत शेवटी बाहेर आलेले हेडमास्तर

हेडमास्तर निवृत्त झाले, तरी त्यांचे केस पासष्टीतही काळेभोर होते. "डोकं शांत ठेवलं की केस पिकत नाहीत," असं ते सोसायटीत येताजाता सगळ्यांना ऐकवायचे. खरं गुपित दोन गल्ल्या सोडून असलेल्या पहिल्या मजल्यावरच्या सलूनला ठाऊक होतं.

त्या दुपारी डोक्याला कलप फासून मास्तर खुर्चीत बसले होते, तोच खालच्या गाद्यांच्या दुकानातून धूर वर आला.

"कुणीतरी कचरा जाळतंय," एक गिऱ्हाईक म्हणालं. दुसऱ्यानं मान डोलावली आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. आरसे दिसेनासे झाले, तेव्हा कुठे न्हावी ओरडला, "पळा!"

सगळे जिन्याकडे धावले. मास्तर जागचे हलले नाहीत. खाली बघ्यांची ही गर्दी, त्यात सोसायटीतले शेजारी. या अवतारात त्यांच्यापुढे जायचं?

"मास्तर, चला की!" न्हाव्यानं दारातून हाक मारली.

"डोकं धुतो आणि आलोच."

"अहो, जीव जाईल!"

"तू हो पुढे."

नळाला पाणी नव्हतं. खोकून खोकून जीव घशाशी आला, तेव्हा लाजेनं माघार घेतली आणि मास्तर धडपडत खाली उतरले. घामानं कलप गळ्यापर्यंत ओघळला होता.

"काजळी बघा किती बसलीय!" शेजारीण कळवळली. "सगळ्यांना बाहेर काढलं आणि स्वतः शेवटी आले हो!"

मास्तर खरं सांगणारच होते, पण खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत ते वीरपुरुष झाले होते. मग खुलासा करायचं त्यांच्या जिवावर आलं. न्हाव्यानंही कलपाचं गुपित न फोडता गिऱ्हाईक सांभाळलं.

"काजळी म्हणे!" घरी बायको म्हणाली. "तुमच्या उशीचे अभ्रे मीच धुते."

सोसायटीनं मात्र सत्कार केला, सुरक्षाप्रमुख नेमलं. मास्तरांनी तासभर भाषण ठोकलं. "खरा माणूस सगळ्यांत शेवटी बाहेर पडतो," हे वाक्य तर लोकांनी टाळ्यांनी डोक्यावर घेतलं.

पुढच्या महिन्यात आगीची तालीम झाली. घंटा वाजली, सगळे घराबाहेर आले आणि जिन्यात थबकले.

"आधी तुम्ही."

"छे छे, तुम्ही व्हा पुढे. मी शेवटी."

अग्निशमन दलाचे साहेब खाली शिट्टी फुंकून दमले. शेवटी तेच वर आले. "अहो, कुणीतरी उतरा!"

सगळ्यांनी सुरक्षाप्रमुखांकडे पाहिलं. मास्तर खाकरले आणि एक पायरी वर चढले.